दुसऱ्या बाळाआधी थोरल्याची तयारी

अगं, सातवा महिना आणि घरात अडीच वर्षांचा मुलगा, म्हणजे धाकधूक होणारच. पण हातात अजून दोन महिने आहेत. एवढ्यात तीनच गोष्टी कर.

१. रात्री त्याला बाबांजवळ किंवा आजीजवळ झोपवायला आजपासून सुरुवात कर. माझी सगळ्यात मोठी चूक हीच. थोरला माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळूनच झोपायचा. मी दवाखान्यात होते त्या तीन रात्री तो दाराकडे बघत बसून होता. नंतर मी ती साडीच त्याच्या बाबांच्या हाती दिली, पण ते आधी करायला हवं होतं.

२. बदल एकदम नकोत. लंगोट सोडवणं, बालवाडी, वेगळा पलंग हे एकतर आत्ताच, नाहीतर बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर.

३. 'बाळामुळे तुला उचलत नाही' असं म्हणू नकोस. 'पाठ दुखतेय, इथे मांडीशी बस' म्हण. 'आता तू मोठा झालास' हे पाहुण्यांनाही बोलू देऊ नकोस. तो अजून लहानच आहे गं.

पहिल्या भेटीला बाळ पाळण्यात असू दे, तुझे दोन्ही हात थोरल्यासाठी मोकळे ठेव.

आणि दोघांना एकटं सोडू नकोस, क्षणभरही. आमच्या थोरल्याने दहाव्या दिवशी अगदी प्रेमाने बाळाच्या ओठांवर चुरमुरा ठेवला होता.

रुसवे, मारामाऱ्या यांचं नंतर बघू. दवाखान्याची पिशवी भरलीस की कळव.