साइटवर बदल केला तरी लोकांना जुनंच पान का दिसतं?

तुम्ही पतसंस्थेच्या साइटवर ठेवींचे नवे व्याजदर टाकलेत. तुम्हाला ते दिसतात, सभासदांना मोबाइलवर मात्र जुनेच. कॅश (ब्राउझरने स्वतःजवळ साठवलेली पानाची प्रत) बंद करणारे मेटा टॅग, म्हणजे एचटीएमएलमध्ये लिहिलेल्या सूचना, पानात घातले, उपयोग झाला नाही. आता फोन आला की प्रत्येकाला 'हिस्ट्री क्लिअर करा' सांगताय.

ते सांगणं आधी थांबवा. त्यात सभासदाची काहीच चूक नाही, आणि पुढच्या वेळी दर बदलले की पुन्हा तेच होणार. दुरुस्ती सर्व्हरवर करायची आहे.

मेटा टॅगचा नाद सोडा. कॅशच्या बाबतीत आजचे ब्राउझर त्यांना जुमानत नाहीत. ते बघतात सर्व्हरने पानासोबत पाठवलेले हेडर, म्हणजे पानाबद्दलच्या सूचनांच्या ओळी. तुमचं पान साधी एचटीएमएल फाइल आहे आणि सर्व्हर 'कॅश-कंट्रोल' हेडर पाठवत नाही, असं मी धरून चालतो. अशा वेळी ब्राउझर स्वतःच अंदाज बांधतो. फाइल शेवटची बदलल्याला जितके दिवस झाले, त्याच्या साधारण १० टक्के काळ ती ताजी मानायची, असा तो हिशोब. म्हणजे १ एप्रिलला बदललेलं पान कुणी १० जुलैला उघडलं, तर मधे १०० दिवस गेले. त्याचा ब्राउझर पुढचे १० दिवस सर्व्हरला विचारणारच नाही. तुम्ही १२ तारखेला दर बदललेत तरी त्याला २० तारखेपर्यंत जुनेच दिसू शकतात. तुम्हाला नवे दिसतात, कारण तुम्ही रिलोड करता, आणि रिलोड केलं की ब्राउझर पानासाठी सर्व्हरकडे जातो. सभासद लिंकवरून येतो.

म्हणून एचटीएमएल पानांसाठी सर्व्हरवर 'कॅश-कंट्रोल: नो-कॅश' लावा. सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपाचे असेल तर एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये, एनजिनएक्स असेल तर त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये. नाव फसवं आहे: नो-कॅश म्हणजे साठवू नको असं नव्हे, तर साठव, पण वापरण्याआधी दर वेळी मला विचार. पान बदललेलं नसेल तर सर्व्हर फक्त '३०४' (बदल नाही) एवढं उत्तर देतो, अख्खं पान पुन्हा जात नाही. तालुक्याच्या गावात अडखळत्या नेटवर्कवर पान उघडणाऱ्या माणसासाठी हा फरक मोठा आहे. म्हणूनच सरसकट 'नो-स्टोअर' लावू नका, त्यात काहीच साठवलं जात नाही.

नो-स्टोअर ठेवा लॉगिनच्या आतल्या पानांना: खातेउतारा, शिल्लक वगैरे. लॉगआउटनंतर बॅक दाबल्यावर खात्याचं पान पुन्हा दिसत असेल, तर ब्राउझरने ते जसंच्या तसं मेमरीत ठेवलेलं असतं. तिथे नो-स्टोअरसोबत 'पेजशो' इव्हेंटमध्ये (पान दिसताना ब्राउझर देतो तो इशारा) 'पर्सिस्टेड' खरं आलं, म्हणजे पान मेमरीतून आलं, तर ते रिलोड करा. दोन ओळींची जावास्क्रिप्ट आहे, टाळू नका. एकच फोन घरातले चौघे वापरतात.

सीएसएस (पानाची मांडणी) आणि जावास्क्रिप्टच्या फाइलींचं उलटं. त्या वर्षभर साठवू द्या, ३१५३६००० सेकंद, पण बदल केला की फाइलचं नाव बदला. पान स्वतः नेहमी ताजं येत असल्याने नवं नाव त्यातून आपोआप पोहोचतं.

एक अडचण उरते. ज्यांच्या फोनवर जुनं पान आधीच साठलंय, त्यांच्यापर्यंत नवं हेडर मुदत संपेपर्यंत जाणार नाही. तेव्हा दरांचं पान या खेपेला नव्या पत्त्यावर ठेवा आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीच लिंक पाठवा.

तपासायचं असेल तर डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये बघा, पण तिथला 'डिसेबल कॅश' हा चौकोन रिकामा ठेवून. तो टिचकवलेला असेल तर सगळं नेहमीच ताजं दिसतं. पान रिलोड न करता लिंकवरून दुसऱ्यांदा उघडा. ३०४ दिसलं तर काम झालं. 'फ्रॉम डिस्क कॅश' दिसलं तर हेडर लागलेलं नाही. होस्टिंगवाल्याला विचारा, मधे सीडीएन (साइटच्या प्रती ठेवून त्या वाटणारे मधले सर्व्हर) आहे का आणि ते हेडर बदलतंय का.