पार्ट टू लावायच्या आधी

अरे भावा, मारधाडीच्या पिक्चरचा पार्ट टू लावताना पोस्टर बघून फसू नकोस, आधी कास्ट बघ. ओरिजिनल हिरो नसेल तर नव्वद टक्के वेळा गंडलेलंच असतं. 'किकबॉक्सर' १९८९ चा, ॲक्शन हिरो व्हॅन डॅमचा, आणि १९९१ च्या दुसऱ्या भागात तो नाहीच, त्याचं कॅरेक्टर मेलं म्हणून सांगतात आणि अचानक एक धाकटा भाऊ उगवतो (साशा मिचेल), म्हणजे पहिल्या भागात ज्याच्यासाठी आपण टाळ्या वाजवल्या तो असाच गेला, डोकंच फिरलं होतं माझं. 'युनिव्हर्सल सोल्जर'चंही तेच, १९९८ मध्ये टीव्हीसाठी दोन भाग काढले, हिरो दुसराच. ते सरळ सोड.

पण बजेट कमी म्हणजे पिक्चर भंगार असं मात्र धरू नकोस हां. 'युनिव्हर्सल सोल्जर'चाच २००९ चा भाग 'रिजनरेशन' बघ, बल्गेरियात शूट केलेला, डिरेक्टर जॉन हायम्स, आणि कॅमेरा त्याच्या वडलांचा, पीटर हायम्सचा. पहिल्या भागातले व्हॅन डॅम आणि लुंडग्रेन दोघंही आहेत. मारामारीत सारखे कट मारत नाहीत, कोण कुणाला कसं हाणतोय ते नीट दिसतं, तेच तर पाहिजे ना आपल्याला? त्याच्या आधीचा १९९९ चा भाग 'रिटर्न' नाही बघितलास तरी चालेल, गोष्ट कळते.