मागच्या रांगेतलं एक वर्ष

पर्वरी, गोवा

प्रिय मुला,

सप्रेम सलाम.

परवा रात्रीचा तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. बोलता बोलता तुझा गळा दाटून आला आणि इकडे माझेही डोळे भरले. वास्कोच्या त्या दोन खोल्यांत तुझ्या आईनं तुझ्यासाठी किती वर्षं प्रार्थना केली ते मी पाहिलंय. तू ख्रिस्ताकडे वळलायस, तुझ्या मनात जे घडलंय ते खरं आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच हे पत्र जरा स्पष्ट लिहितोय.

तू म्हणालास, यूट्यूबवरची जुनी गाणी काढून टाकतो, याच महिन्यात बँड सोडतो आणि नाताळपर्यंत वर्शिपचा, म्हणजे उपासनेच्या गाण्यांचा, अल्बम काढतो. या तिन्हींतली एकही गोष्ट आत्ता करू नकोस.

बँडचं आधी. सीझन तोंडावर आलाय. हॉटेलांनी तारखा दिल्यात त्या तुझ्या आवाजावर, आणि तुमच्या ड्रमरच्या घरचं भाडं त्या तारखांवर चालतं. ख्रिस्ताकडे वळल्यावर पहिलं काम दिलेला शब्द मोडण्याचं नको. मार्चपर्यंत गा, पण आजच सांगून टाक, म्हणजे त्यांना दुसरा गायक शोधता येईल. जे शब्द आता तुझ्या तोंडून निघत नाहीत, ती गाणी यादीतून काढ.

जुन्या गाण्यांबद्दल मला जास्त काळजी वाटते. १९५७ साली ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात, नाव ऐन भरात असताना, अमेरिकन गायक लिटल रिचर्डनं रॉक अँड रोल सोडलं. बोटांतल्या अंगठ्या पाण्यात फेकल्या आणि बायबल शिकायला कॉलेजात गेला. १९६२मध्ये तो परत त्याच जुन्या गाण्यांवर स्टेजवर उभा होता, आणि पुढेही त्याची ही ये-जा चालूच राहिली. त्याच्या विश्वासाचं माप मी काढणार नाही, तो माझा अधिकार नाही. मला एवढंच दिसतं की फेकून दिलेली वस्तू मनातून जात नाही. शिकागोचा थॉमस डॉर्सी बघ. 'जॉर्जिया टॉम' या नावानं चावट ब्लूज वाजवणारा पियानोवाला. तोही बरीच वर्षं चर्च आणि ब्लूज यांच्यात आत-बाहेर करत होता. १९३२मध्ये बाळंतपणात त्याची बायको गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखातून त्यानं केलेलं गीत आजही अंत्यविधीला म्हणतात. त्या गीतात त्याचा ब्लूज जिवंत आहे. सुरुवातीला ब्लूजच्या वळणाच्या अशा भक्तिगीतांना कितीतरी चर्चनी दार बंद केलं होतं, तरी त्यानं हातातली कला टाकली नाही. आणि आपले नारायण वामन टिळक! १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी फुलांवरच्या, मुलांवरच्या कविता जाळल्या नाहीत. पुढेही लिहीत राहिले, आणि त्याच हातानं आपल्या मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती समाजाला, अभंग दिले.

आता तुझा डेमो. आवाज सुरेख लागलाय, शब्द मनापासून आलेत. पण ते गाणं तुलाच गाता येईल. हार्मोनियमच्या काळी एकच्या पट्टीत तू ध्रुवपद तार पंचमापर्यंत, म्हणजे फारच वर, नेलंस. रात्रपाळी करून बंदरावरून थेट उपासनेला येणारे आपले लोक आणि पहिल्या बाकावरच्या आजी तार षड्जाच्या फार तर एक सूर वर जातात. नुसती पट्टी उतरवून भागणार नाही, मग खालचे सूर बुडतील. चालच बदलायला हवी. ओळीच्या मध्ये श्वासाला जागा ठेव. ताल इतका तिरका नको की टाळी कुठे द्यायची हेच कळू नये.

हे मी स्वतः चूक करून शिकलोय. हॉटेलांत पंधरा वर्षं कीबोर्ड वाजवून मी मंडळीत आलो, तेव्हा पहिल्याच नाताळात एका जुन्या गीताला मी लांबलचक सोलो जोडला. डोळे उघडले तर लोक गीतपुस्तकं मिटून माझ्याकडे बघत होते. उपासना थांबली होती आणि ती मी थांबवली होती. त्या शांततेची मला अजून लाज वाटते.

तू तर लहानपणापासून खिडकीतून वास्कोच्या दामोदराचा भजनी सप्ताह ऐकलायस. नावाला सप्ताह, पण ते चोवीस तास अखंड भजन कसं चालतं? बुवा ओळ टाकतो आणि सोडून देतो, बाकीचे ती उचलतात. त्याचा गळा कितीही तयार असो, पालुपद सगळ्यांचं असतं. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचा, पण नव्या ख्रिस्ती लोकांना आपली पुराणं आठवतात हे त्यानं ओळखलं आणि ख्रिस्तपुराण ओवीत रचलं. १६१६मध्ये ते इथेच राशोलला छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त ओव्या! ओवी इथल्या लोकांच्या तोंडी आधीपासून होती, म्हणून त्यानं ती घेतली. तुझ्या डेमोतली चाल परदेशी वर्शिप बँडची आहे, मराठी अक्षरं तिच्यात कोंबलीयेत. 'देवा'तला 'दे' उगाच ताणला गेलाय, ऐकून बघ.

अल्बम म्हणूनच नको. बायबलात पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की नवशिक्याला मंडळीचा अध्यक्ष करू नये, तो गर्वानं फुगेल. माझ्या मते माइकलाही हे लागू आहे. उद्या तुझी साक्ष, म्हणजे तू ख्रिस्ताकडे कसा वळलास ते, ऐकायला चर्च तुला बोलावतील, पोस्टरवर फोटो छापतील, आणि तुझी प्रार्थनेची सवय अजून दोन महिन्यांचीही नाही. मला भीती याची वाटते. एक वर्ष कुणाच्या तरी मागे वाजव.

येत्या रविवारी साडेसातला सरावाला ये. साधी गिटार आण, पेडल नकोत. आल्टोच्या, म्हणजे खालच्या सुरात गाणाऱ्या, बायका बसतात त्यांच्या मागे प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, तिथे माझ्या डाव्या हाताला बस. पहिलं गीत टिळकांचं आहे, पट्टी पांढरी दोन. आईलाही घेऊन ये.

तुझा,
अंकल