‘महाभियोग’ झाला, मग खुर्ची कशी राहिली?

प्रश्न असा आहे : ‘ट्रम्प यांच्यावर दोनदा महाभियोग झाला असं वाचतो. महाभियोग म्हणजे पदावरून काढणं ना? मग २०१९ साली महाभियोग होऊनही ते अध्यक्ष कसे राहिले?’

शब्दाचं काही चुकलेलं नाही, चुकतं ते त्याच्यापुढे लागणारं क्रियापद. ‘अभियोग’ म्हणजे आरोप, फिर्याद. सरकारी वकिलाला आपण ‘अभियोक्ता’ म्हणतो तो याच अर्थानं. त्यामुळे महाभियोग म्हणजे मोठ्या पदावरच्या माणसावर ठेवलेला मोठा आरोप. निकाल त्यात आलाच नाही. आरोप ‘ठेवतात’, तो ‘होत’ नाही. ‘महाभियोग झाला’ म्हटलं की सगळं उरकल्यासारखं वाटतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

अमेरिकेच्या राज्यघटनेनं हे काम दोन सभागृहांत वाटून दिलं आहे. प्रतिनिधिगृहानं साध्या बहुमतानं आरोप ठेवायचा, सेनेटनं खटला चालवायचा. खटला राष्ट्राध्यक्षांचा असेल तर सरन्यायाधीश पीठावर बसतात. दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात, आणि दोषी ठरला तरच पद जातं. १८६८ साली तेव्हाचे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन एका मतानं वाचले : विरोधात ३५, बाजूनं १९, हवी होती ३६. क्लिंटनही सेनेटमध्ये सुटले. ट्रम्प दोन्ही वेळा सुटले. दुसऱ्या वेळी ५७ विरुद्ध ४३ अशी मतं पडली, पण ६७ भरली नाहीत. (तोवर त्यांची मुदत संपलेलीही होती.) निक्सन यांच्यावर मात्र महाभियोग ठेवला गेलाच नाही. प्रतिनिधिगृहात मतदान होण्याआधीच, ऑगस्ट १९७४ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. महाभियोगानं गेलेला अध्यक्ष म्हणून त्यांचंच नाव हमखास सांगितलं जातं, हे विशेष.

मूळ इंग्रजी शब्द ‘इम्पीच’ जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागे लॅटिन ‘इम्पेदिकारे’ आहे : पायात बेडी अडकवणे. त्यातला ‘पेद्’ हा आपल्या ‘पद’चा भाऊबंद. आपल्याकडे पद म्हणजे पाऊलही आणि हुद्दाही, तेव्हा पदावरच्या माणसाच्या पदात खोडा, असं म्हणायला हरकत नाही. (ही माझी कोटी. व्युत्पत्ती ‘भाऊबंद’पाशी संपते.)

अमेरिकी घटनेतल्या महाभियोगाच्या कलमाच्या घडणीत आपल्या ओळखीचा एक गृहस्थ डोकावतो. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिली जात होती, तेव्हा लंडनमध्ये वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग आणण्याची धामधूम चालू होती. गव्हर्नर जनरल म्हणून ज्याच्या कारकिर्दीत मराठ्यांशी सालबाईचा तह झाला, तोच हा. फिलाडेल्फियात घटना लिहिणाऱ्यांपैकी एक, जॉर्ज मेसन, यांनी त्याचंच उदाहरण दिलं : हेस्टिंग्जचा गुन्हा देशद्रोहाचा नाही, म्हणजे महाभियोगाची कारणं म्हणून नुसता देशद्रोह आणि लाचखोरी लिहून भागणार नाही. त्यांनी ‘गैरकारभार’ सुचवला. त्यांचे सहकारी जेम्स मॅडिसन म्हणाले, हा फारच सैल शब्द. मग ‘इतर गंभीर गुन्हे आणि दुराचार’ अशा अर्थाची शब्दयोजना झाली. ती पुरेशी घट्ट आहे का, यावर वाद अजून मिटलेला नाही. हेस्टिंग्ज पुढे १७९५ साली निर्दोष सुटला.

आपल्याकडे थोडं वेगळं आहे. घटनेच्या ६१ व्या अनुच्छेदात महाभियोग आहे तो फक्त राष्ट्रपतींसाठी. न्यायाधीशांच्या बाबतीत १२४ व्या अनुच्छेदात ‘पदावरून दूर करणे’ एवढंच म्हटलंय. बातम्यांत तिथंही सर्रास ‘महाभियोग’ लिहितात. अमेरिकेत मात्र न्यायाधीशांवरही महाभियोगच ठेवतात.

तेव्हा मी असं लिहीन : प्रतिनिधिगृहानं महाभियोग ‘ठेवला’, सेनेटनं महाभियोगाचा खटला ‘चालवला’, आणि दोषी ठरल्यास ‘पदच्युत केलं’. तुमच्या वाक्याचं मग ‘ट्रम्प यांच्यावर दोनदा महाभियोग ठेवला गेला, दोन्ही खटल्यांत ते सुटले’ असं होईल.