आईंनी टेबल धरलं, त्याचं काय?

‘ताई, डोळ्यांवर हेडसेट लावून डोंगरातून पळायचा आमचा व्हीआर गेम अडीच वर्षं खपून केला. तीन महिन्यांत बसला. मार्केटिंगवाल्यांनी काहीच केलं नाही आणि खापर माझ्यावर. हातात धरून खेळायचं गेम बॉय यंत्र घडवणाऱ्या गुनपेई योकोईंनाही ‘व्हर्च्युअल बॉय’ हे डोळे लावून खेळायचं यंत्र पडल्यावर निन्टेंडो ही जपानी कंपनी सोडावी लागली. मीही सोमवारी राजीनामा देतोय. घरी आईला गेम दाखवला, तर पाच मिनिटांत हेडसेट काढून टेबल धरून उभी राहिली. तिला यातलं काय कळणार! राजीनामा देऊ ना?’

नका देऊ.

मार्केटिंगच्या नावाने एवढं लिहिलंत, पण पत्रात कामाची ओळ एकच, आईंची. त्यांना गेममधलं कळत नसेल, पण त्यांच्या कानाला बरोबर कळलं. डोळे म्हणत होते पळतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणत होता जागेवरच आहोत. घाटात एसटीत पुस्तक वाचताना मळमळतं, त्याचंच हे उलटं. विकत घेणाऱ्यांपैकी किती जणांनी असंच टेबल धरलं असेल, याचा विचार केलात?

आणि योकोईंना राजीनाम्यासाठी ढाल करू नका. व्हर्च्युअल बॉय जुलै १९९५ मध्ये आला. त्यात लाल एलईडी दिवे, स्वस्त, बॅटरी कमी खाणारे. साधं, मुरलेलं तंत्र नव्या जागी वापरायचं ही त्यांची जन्माची रीत. त्याच रीतीने चार छटांचा, हिरवट पडद्याचा गेम बॉय रंगीत प्रतिस्पर्ध्यांना पुरून उरला होता. इथे मात्र माणूस टेबलावरच्या यंत्रात तोंड खुपसून, मान वाकवून लाल रेघा बघत बसला. डोळे शिणायचे, डोकं दुखायचं. खेळ ठरावीक वेळाने आपोआप थांबवायची सोय यंत्रातच द्यावी लागली होती. जेमतेम पावणेआठ लाख नग गेले.

पण योकोई दुसऱ्या दिवशी उठून गेले नाहीत हो! आधी गेम बॉय पॉकेट आला, चार जाड सेलच्या जागी दोन बारीक सेलवर चालणारा. तो जुलै १९९६ मध्ये बाजारात गेला आणि १५ ऑगस्टला त्यांनी निन्टेंडो सोडली. कंपनी सोडायचं आपल्या मनात आधीपासूनच होतं, असं त्यांनीच पुढे लिहिलं. नंतर स्वतःच्या कंपनीत वंडरस्वान हा हातातला गेम हाती घेतला, एकाच सेलवर चालणारा. तो १९९९ मध्ये आला, तेव्हा योकोई हयात नव्हते. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. माझा जीव अजून हळहळतो.

तेव्हा सोमवारी टीमला घेऊन बसा. सलग धावणं बंद करा. बोट दाखवलं त्या जागी एकदम पोचू द्या. वळणं ३० अंशांच्या टप्प्यांनी. धावणं ठेवायचंच असेल तर त्या वेळी दृश्याच्या कडा काळ्या करा. सेकंदाला ७२ फ्रेम, म्हणजे ७२ चित्रं, दाखवणारा हेडसेट असेल तर ७२ च्या खाली एकदाही जायचं नाही. दाट झाडीत आकडा खाली जात असणार, तिथली झाडं कमी करा. आणि लेन्समधलं अंतर आईंच्या डोळ्यांना जुळवलं होतंत, की तुमच्याच मापावर हेडसेट त्यांच्या डोक्यावर चढवलात?

हे झालं की आईंना पुन्हा बसवा, हात असलेल्या खुर्चीत. शेजारी गप्प बसा, एक शब्द समजावू नका. घड्याळ लावा आणि हेडसेटकडे त्यांचा हात कितव्या मिनिटाला जातो, ते लिहून मला कळवा.