भाच्याचा छातीचा फोटो काढायचा का नाही?

प्रश्न : नमस्कार सर, माझ्या बहिणीचा मुलगा सात वर्षांचा आहे. चालायला लागला तो झोकांड्या खातच, आम्ही म्हटलं होईल नीट. मग डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल शिरा दिसायला लागल्या, डोळे आलेत म्हणून चार महिने ड्रॉप्स घातले. सारखा खोकला, कफ, आणि दर वेळी छातीचा फोटो, आत्तापर्यंत पाच झालेत. आता जीन टेस्टमध्ये अटॅक्सिया टेलॅन्जिएक्टेशिया नावाचा आजार निघालाय, झोकांड्या आणि लाल शिरा दोन्ही त्यातलंच म्हणे, आणि डॉक्टर म्हणतात एक्स-रे, सीटीपासून जपा. म्हणजे आम्हीच पोराचं वाटोळं केलं का? एक रिसर्चवाले त्याचं रक्त मागतायत, त्यावर रेडिएशन मारून बघणार म्हणे, द्यायचं का? बहिणीला मामाच्याच घरात दिलीय, तरी सगळे तिलाच बोलतात. – एक मावशी, राजारामपुरी

उत्तर : मावशी, आधी ते पाच फोटो डोक्यातून काढा. छातीच्या एका फोटोत साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशन मोजायचं माप) डोस असतो, आणि जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्या सगळ्यांना वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतंच, म्हणजे एक फोटो हा पंधरा दिवसांचा हिशोब झाला. न्यूमोनियाची शंका असेल तर फोटो काढायचाच, तो टाळून न्यूमोनिया अंगावर काढणं जास्त महागात जातं. सीटीचं गणित वेगळं, त्याचा डोस कित्येक पट जास्त, तिथं मात्र सोनोग्राफी किंवा एमआरआयवर भागतंय का हे स्पष्ट विचारा, कारण त्या दोन्हीत असलं रेडिएशन नसतंच.

आता जपायचं का ते सांगतो. एक्स-रेनं डीएनएच्या दोन्ही पट्ट्या एकाच जागी तुटू शकतात. तशी तुटफूट तुमच्या माझ्या पेशीत रेडिएशन नसतानाही होत असते आणि दुरुस्तही होते. तुमच्या भाच्याच्या पेशीत दुरुस्ती करणारे बहुतेक सगळे हजर आहेत हो, त्यांना हाक मारणारा नाही. तुम्ही कोल्हापूरच्या, तर पंचगंगेवरूनच सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, मग फोन फिरतात, बोटी निघतात, शिरोलीजवळ पाणी आलं की हायवे बंद. समजा ती पातळी बघणारा माणूसच जागेवर नाही. बोटी आहेत, पोहणारी पोरं आहेत, पण कुणाला पत्ता नाही आणि गाड्या सरळ पाण्यात घुसतायत. एटीएम नावाचं प्रोटीन म्हणजे तो पातळी बघणारा (पैशाच्या मशीनशी काही संबंध नाही, मला दर वेळी सांगावं लागतं). आणि गाड्या घुसतायत हे मी रंगवून सांगत नाही बरं का, १९८० मध्येच दिसलं होतं की रेडिएशननंतर साधी पेशी डीएनएची कॉपी काढायचं काम हळू करते, या आजारातली पेशी तुटक्या डीएनएवरच कॉपी काढत सुटते.

हे कळलं तेही वाईट रस्त्यानं. १९६० च्या दशकात अशा मुलांना कॅन्सर झाल्यावर नेहमीच्या डोसची रेडिओथेरपी दिली गेली आणि भयंकर रिॲक्शन आल्या. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी अशा मुलांच्या पेशी डिशमध्ये वाढवून दाखवलं की त्या थोड्याशा डोसनंही मरतात. एटीएमचा जीन सापडायला १९९५ उजाडलं, इस्रायलच्या योसेफ शिलोह यांच्या टीमला, ११ नंबरच्या क्रोमोसोमवर. खोकल्याचं मूळ बऱ्याच अंशी इथंच आहे, कारण जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडी बनवताना शरीर मुद्दाम डीएनए कापून नव्यानं जोडतं आणि ती जोडणी या मुलांत नीट होत नाही. म्हणून ब्लड कॅन्सर, लिम्फोमाचा धोकाही जास्त.

रक्त द्या. रेडिएशन पेशींवर मारतात, पोरावर नाही. मी स्वतः हे केलंय, अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं, डीएनए तुटलेल्या जागी हिरवा ठिपका चमकतो, तो मोजायचा. अर्ध्या तासानं कुणाच्याही पेशीत ठिपकेच ठिपके. दुसऱ्या दिवशी निरोगी माणसाचे बहुतेक विझलेले असतात, या आजारात मात्र काही तसेच लुकलुकत राहतात, आणि एकदा ते बघितलं की विसरता येत नाही. सही करायच्या आधी एवढं विचारा की पेशी किती वर्षं ठेवणार आणि म्यूटेशनचा, म्हणजे जीनमध्ये नेमका कुठं बिघाड आहे त्याचा, रिपोर्ट आम्हाला देणार का. रिपोर्ट मागायचाच, कारण अमेरिकेत एका मुलीसाठी तिच्या एकटीच्या म्यूटेशनवर बेतलेलं औषध बनवून झालंय. ते सगळ्यांना चालणार नाही, आणि आज या आजारावर बरं करणारं औषध नाही, हेही तितक्याच सरळ सांगतो. फिजिओथेरपी आणि इन्फेक्शनवर लक्ष, एवढंच हातात आहे.

बहिणीला बोलणाऱ्यांना सांगा, हा आजार व्हायला या जीनची बिघडलेली कॉपी दोन्हीकडून यावी लागते, एक आईकडून, एक बापाकडून. तुमच्याकडं तर दोघांचे आजी-आजोबा एकच, एकाच घरातून ती दोन्ही वाटांनी खाली आलेली असू शकते, मग सुनेला एकटीला कसलं बोलताय? नात्यात नसलेल्या जोडप्यांतही होतं हे. पुढच्या प्रत्येक वेळी शक्यता २५ टक्के, म्हणून दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर दिवस जायच्या आधीच जेनेटिक काउन्सेलरकडे जा, म्यूटेशन माहीत असलं तर तीन महिन्यांच्या आसपास तपासणी होते. एक कॉपी बिघडलेल्या बायकांना ब्रेस्ट कॅन्सरचा धोका जास्त असतो, तर बहिणीनं डॉक्टरांना आपण कॅरियर (एक बिघडलेली कॉपी असलेली) आहोत हे सांगून तपासणी कधीपासून, कुठली, ते ठरवून घ्यावं. तुम्हीही कॅरियर असू शकता, तुमचीही टेस्ट करून घ्या.

आणि एक साधा कागद लॅमिनेट करून पोराच्या दप्तरात ठेवा, आजाराचं नाव, तुमच्या डॉक्टरांचा नंबर आणि खाली ठळक अक्षरात, ‘विचारल्याशिवाय सीटी नको, रेडिओथेरपी नको’. शाळेत पडला आणि कुणी थेट कॅज्युअल्टीत नेलं तर तिथल्या नाइट ड्यूटीवाल्या पोरानं या आजाराचं नाव ऐकलेलं असेलच असं नाही.