काहून चिपकत नाही बाप्पा? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात गोंद, इपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारा गोंद, एम-सील त्यातलंच), फेविक्विक वगैरेंबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा म्हटलं होतं, तर नागपूरकरांनी भरभरून पाठवलं. निम्मे प्रश्न कूलरचे, उन्हाळा तोंडावर आहे म्हटल्यावर ते होणारच. त्यातले निवडक घेतले.

प्रश्न : कूलरच्या लोखंडी टाकीला खाली कोपऱ्यात भोक आहे. दर वर्षी एप्रिलमध्ये एम-सील लावतो आणि मे संपायच्या आत तो तुकडा जसाच्या तसा हातात येतो. आजकाल एम-सील नकली येऊन राहिलं का? (मानेवाडा)

भाऊ, तो तुकडा फेकला नसेल तर उलटा करून बघा. मागच्या बाजूला पांढरी भुकटी, गंजाचा पापुद्रा, बोअरच्या पाण्याचे क्षार असं सगळं दिसेल. म्हणजे एम-सीलने आपलं काम केलं, ज्याला चिपकलं त्याला ते अजूनही धरूनच आहे, फक्त ते पत्र्याला चिपकलंच नव्हतं, पत्र्यावरच्या क्षाराला चिपकलं होतं आणि क्षार पत्र्यावरून सुटला.

चिपकणं म्हणजे काय तर दोन पदार्थांच्या रेणूंमधली ओढ. ही ओढ एवढ्या कमी अंतरावर चालते की मधे धुळीचा कण आला तरी तिथं खेळ खल्लास. दोन घन वस्तू कितीही दाबल्या तरी एवढ्या जवळ येत नाहीत, वरून गुळगुळीत दिसणाऱ्या पत्र्यावरही बारीक डोंगर-दऱ्या असतात, म्हणून आधी पातळ किंवा मऊ असलेलं काहीतरी मधे घालायचं, ते सगळ्या खड्ड्यांत शिरलं पाहिजे आणि मग तिथंच कडक झालं पाहिजे. शिरतं कधी, तर पृष्ठभाग त्याला पसरू देईल तेव्हा. अळूच्या पानावर पाणी टाकलं तर थेंब गोल उभा राहतो, पसरत नाही, तेलकट पत्र्यावर इपॉक्सीचं तसंच होतं.

तर करायचं असं की टाकी रिकामी करून पूर्ण वाळू द्या, जुना तुकडा आणि क्षार खरवडून काढा, मग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा (जस्ताचा थर मात्र पार उडवू नका, नाहीतर गंज पुन्हा येईल), मग स्वच्छ फडक्याला ॲसिटोन (तेल विरघळवणारं द्रव) लावून एकाच दिशेने पुसा, फडकं बदलत राहा, तेच फडकं फिरवलं तर तेल फक्त इकडून तिकडे जातं. पेट्रोलने पुसू नका, मागे तेलकट थर राहू शकतो. आता त्यावर स्वच्छ पाणी शिंपडा. पाणी अखंड चादरीसारखं पसरून राहिलं तर पास, थेंब-थेंब झालं तर पुन्हा घासा. विमानाच्या कारखान्यातही पत्रा साफ झाला की नाही हे असंच पाहतात. नंतर वाळवा आणि बोट लावू नका, बोटाला तेल असतं.

नुसता गोळा चिपकवण्यापेक्षा आतल्या बाजूने पत्र्याचा तुकडा लावा, भोकाच्या चारी बाजूंना इंचभर जास्त, कोपरे गोल केलेला. आतून लावला की पाण्याचा दाब त्याला भिंतीवर दाबतो, बाहेरून लावला की तोच दाब ढकलून सोडवतो. आणि हार्डनर (रेझिन या मुख्य भागाला कडक करणारा दुसरा भाग) जास्त टाकला की लवकर वाळतं हे डोक्यातून काढा! ती रासायनिक क्रिया आहे, रेझिनच्या एका रेणूला किती हार्डनर लागतो हे ठरलेलं असतं, जास्तीचा तसाच कच्चा पडून राहतो आणि जोड मऊ होतो. पुडक्यावर दिलेलं प्रमाण घ्या, रंग एकसारखा होईपर्यंत मळा. रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी उन्हात ठेवा, उष्णतेने उरलेली क्रिया पुढे सरकते, नागपूरच्या उन्हाचा हा एक फायदा समजा.

प्रश्न : आमच्या इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये ॲल्युमिनियमच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून इपॉक्सीने चिपकवल्या आणि मशीनवर ओढून पाहिल्या. ओव्हरलॅप साडेबारा मिलिमीटरवरून पंचवीस केला, म्हणजे क्षेत्रफळ दुप्पट, पण ताकद दुप्पट आली नाही. सर म्हणाले तुमचं मिक्सिंग चुकलं. खरंच का? (हिंगणा रोड)

मिक्सिंग चुकलं असेलही, पण बरोबर असतं तरी दुप्पट आली नसती. पट्टी ओढली की ती स्वतः ताणली जाते, ओव्हरलॅपच्या टोकांना सगळ्यात जास्त, त्यामुळे टोकांजवळचा गोंद भार घेतो आणि मधला जवळपास बसून पगार घेतो. लांबी वाढवली की ही बसून खाणारी मंडळीच वाढते. फोल्कर्सन या संशोधकाने १९३८ मध्ये हे गणिताने मांडलं. दुसरी भानगड म्हणजे दोन पट्ट्या एका रेषेत नसतात, एक वर एक खाली, म्हणून ओढल्यावर जोड वाकतो आणि टोकाला उकलायला लागतो, यावर गोलंड आणि राइसनर या संशोधकांचं १९४४ चं काम आहे. इपॉक्सीला सरळ घसरवून तोडणं जड, पण टोकापासून उकलणं फार सोपं. सेलोटेप सोडवताना आपण तेच करतो ना, एक कोपरा नखाने उचलतो.

म्हणून ताकद पाहिजे असेल तर लांबीऐवजी रुंदी वाढवा, रुंदी वाढवल्याचा फायदा जवळपास सरळ मिळतो. जाड पट्टी घ्या. टोकं तिरकी घासून पातळ करा. आणि बाहेर आलेला इपॉक्सीचा ओघळ नीटनेटका दिसावा म्हणून खरवडू नका, तो टोकावरचा ताण कमी करतो, आपल्याकडे पोरं आधी तोच साफ करतात. गोंदाचा थर ०.१ ते ०.२ मिलिमीटर ठेवा, क्लॅम्प करकचून आवळला तर सगळा गोंद बाहेर पळतो, मधे बारीक तार ठेवली की थर सारखा राहतो.

आणखी एक. एएसटीएम डी१००२ या जोडाची ताकद तपासायच्या अमेरिकन मानकात १.६ मिलिमीटर जाडीची पट्टी, १२.७ मिलिमीटर ओव्हरलॅप असं ठरवलेलं आहे, डब्यावर लिहिलेला ताकदीचा आकडा बहुतेक अशाच जोडाचा असतो, तो सगळीकडे लावून डिझाइन करू नका. रिपोर्टमध्ये आकड्यासोबत तुटलेल्या भागाचे फोटो टाका. दोन्ही पट्ट्यांवर गोंद राहिला असेल तर गोंद मधून फाटला, म्हणजे पृष्ठभागाची तयारी चांगली झाली होती. एका पट्टीवर लख्ख धातू दिसत असेल तर गोंद तिला धरलाच नव्हता, वर कूलरवाल्या भाऊंना सांगितलेली पाणी शिंपडण्याची परीक्षा तुम्ही पण करा. सरांनाही फोटो दाखवा.

प्रश्न : विमानात पण चिपकवलेले भाग असतात म्हणे. भीती नाही वाटत का त्यांना? (सोनेगाव)

असतात, आणि फार आधीपासून. नॉर्मन डी ब्रुइन यांनी १९४१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये रेडक्स नावाचा गोंद काढला, धातू धातूला चिपकवायला, आणि डी हॅविलंड कंपनीच्या विमानांत तो वापरला गेला. आपल्या मिहानमध्ये (नागपूरच्या विमानतळाजवळचा औद्योगिक परिसर) टाटांच्या कारखान्यात बोईंग ७८७ साठी कार्बन फायबरचे फ्लोअर बीम (विमानाच्या जमिनीखालच्या तुळया) बनले, त्या विमानाच्या वजनाचा निम्मा भाग कंपोझिटचा आहे आणि कंपोझिट म्हणजे तरी काय, धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. रिव्हेटला (पत्रे जोडायच्या खिळ्याला) भोक पाडावं लागतं, भोकापाशी ताण गोळा होतो, तिथून तडा जातो. गोंद भार पसरवतो.

भीतीचं म्हणाल तर २८ एप्रिल १९८८ ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग ७३७ चं छत हवेतच उडालं, एका हवाईसुंदरीचा जीव गेला. पत्र्यांच्या सांध्यात गोंद होता, ओलाव्याने आणि गंजाने तो सुटत गेला, मग गोंदाने घ्यायचा भार रिव्हेटवर पडला आणि भोकांपासून तडे वाढले. गोंदाचा खरा शत्रू पाणी, ते पत्रा आणि गोंद यांच्या मधल्या रेषेत हळूहळू शिरतं आणि बाहेरून बघून कळत नाही. म्हणूनच विमानाच्या कामात नंतर तपासण्यापेक्षा आधी नियम पाळण्यावर जोर असतो, पत्रा कसा धुतला, किती वेळात चिपकवला, सगळं लिहून ठेवतात.

प्रश्न : फेविक्विक मे महिन्यात वस्तूवर लवकर पकडत नाही, पण बोटं मात्र लगेच चिपकतात! (धरमपेठ)

ताई, ते हवेच्या ओलाव्याने कडक होतं. पृष्ठभागावर ओलाव्याचा अदृश्य थर असतो, त्याच्यामुळे त्याचे रेणू एकमेकांत गुंफायला लागतात. आपल्याकडे मे महिन्यात हवा एकदम सुकी, त्यात उन्हात तापलेली वस्तू, ओलावा येणार कुठून? बोटावर घाम असतो, म्हणून बोट आधी. वस्तूवर एकदा हलकेच हाहा करून वाफ सोडा, एकच थेंब लावा, पातळ थर लवकर पकडतो, जाड थर मधे ओलाच राहतो. बोटं चिपकली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात हळूहळू सोडवा.

प्रश्न : प्लास्टिकची बादली तडकली. सगळे गोंद लावून झाले. कोणता उरला? (जरीपटका)

नेहमीच्या गोंदांपैकी कोणताच नाही. बादली बहुतेक पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथीनची असते, या प्लास्टिकवर इपॉक्सी पसरतच नाही, घासून उपयोग नाही कारण घाण हा प्रॉब्लेमच नाही, पदार्थच तसा आहे. कारखान्यात आधी ज्योत फिरवून किंवा विजेच्या ठिणग्यांनी पृष्ठभाग बदलतात, तेव्हा कुठे रंग किंवा गोंद धरतो. पीव्हीसी पाइपचं सोल्यूशन बघून फसू नका, ते पीव्हीसीला विरघळवून दोन भाग एकमेकांत मिसळवतं, बादलीला ते विरघळवू शकत नाही. फुटकी त्याच प्लास्टिकची दुसरी बादली असेल तर तिची पट्टी कापा, सोल्डरिंग आयर्नने दोन्ही वितळवून तड भरा, खिडकी उघडी ठेवा. पन्नास-साठ रुपयांची असेल तर एवढी मेहनत कशाला, नवी आणा.